पाडव्याची मुलाखत

उदयसिंह इंगवलेची नोकरी श्रावणात गेली, आणि गेली तीही मोठ्या सन्मानानं. उचगावच्या पुढं असलेल्या एका कारखान्यात त्यानं अठ्ठावीस वर्षं माणसं भरायचं आणि भरलेल्या माणसांना समजावायचं खातं सांभाळलं होतं. कारखाना पुण्याच्या कुठल्याशा समूहानं विकत घेतला. समूहाच्या लक्षात आलं की माणसं भरायचं काम पुण्यातला संगणक करतो, आणि समजावायची त्याला गरजच पडत नाही. मग उदयसिंहाला शाल दिली, नारळ दिला, आणि कारखान्याचं नाव छापलेलं भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला यापुढं कुठंच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ द्यायची प्रथा कुणी काढली कोण जाणे. पण निरोपाच्या वस्तू ठरवणारी समिती त्याच्याच खात्याखाली होती, त्यामुळं तक्रार करायची सोय नव्हती.

बायकोला, वर्षाराणीला, त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं. तिनं घड्याळ उलटंसुलटं करून पाहिलं.

"यात सेल नाहीत," ती म्हणाली. चहा टाकून झाल्यावर म्हणाली, "दिवाळी होईपर्यंत आबांना सांगू नका. पेठेत तर नकोच नको. इथं सकाळी एकाला सांगितलं की दुपारी रंकाळ्यावर चर्चा असते."

म्हणून मग 'घरातनं काम' सुरू झालं. मंगळवार पेठेनं ते बिनबोभाट मान्य केलं. उलट उदयसिंहाचा भाव वाढला. शेजारचा आकाराम, ज्याचं भांड्यांचं दुकान होतं आणि ज्याचा आवाज दुकानातली सगळी भांडी एकदम पडल्यासारखा होता, तो येता-जाता विचारायचा, "काय सायेब, आज लुंगीवर मीटिंग काय?" आणि उदयसिंह ओशाळं हसायचा. त्या हसण्याला पेठ विनय समजायची.

काम नसलं तरी नोकरी शोधायचं काम होतंच. मुलाखतीची तयारी करायची होती. आयुष्यभर टेबलाच्या अलीकडं बसलेल्या माणसाला पलीकडच्या खुर्चीत बसायचं होतं. लोकांना त्यानं शेकडो वेळा विचारलेले प्रश्न आता त्याच्याच अंगावर येणार होते. आरशासमोर उभं राहून त्यानं उत्तरं पाठ करायला घेतली, पण बाहेरच्या खोलीत वर्षाराणी दहावीच्या मुलांचे गणिताचे क्लास घ्यायची. तिसऱ्या दिवशी ती आत आली.

"अहो, मी प्रमेय शिकवतेय आणि आतून आवाज येतोय, माझं बलस्थान म्हणजे चिकाटी. पोरं वहीत लिहून घेताहेत."

घरात आता उरली होती ती एकच जागा, मागचा गोठा.

गोठा आबांचा, म्हणजे उदयसिंहाच्या वडिलांचा, गणपतरावांचा. आबांचं वय झालं होतं, पण पहाटेची आणि संध्याकाळची धार अजून त्यांचीच. गोठ्यातली मुख्य म्हैस गौरा. डांबराचा नवा रस्ता उन्हात चकाकावा तशी काळी, आणि नाव गौरा. ते आबांनी ठेवलं होतं, आणि आबांना कारण विचारायची पद्धत घरात नव्हती.

या गौरामुळं इंगवल्यांना पेठेत मान होता. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटवतात आणि पळवतात. म्हशीला दोर नसतो. मालक सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलवर पुढं, आणि त्याच्या आवाजावर, गाडीच्या आवाजावर, मागं म्हैस. दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, हलगी कडकडतेय, पोरं शिट्ट्या मारताहेत, आणि ते अजस्र जनावर फक्त एका आवाजाचा माग काढत पळत येतं. लहानपणी उदयसिंह बापाच्या मागं गाडीवर उलटा बसायचा, म्हशीकडं तोंड करून. पुढं येणारं ते कपाळ, ती शिंगं, ते फुरफुरणं बघताना तो स्वतःचं नावसुद्धा विसरायचा; तसं पुढं कुठल्याच साहेबासमोर झालं नाही. मोठेपणी कारखान्यात 'नेतृत्व कसं करावं' यावर पुण्याहून व्याख्याते यायचे. पडद्यावर बाण आणि वर्तुळं दाखवायचे. उदयसिंहाला वाटायचं, आमचा म्हातारा हे दोराशिवाय करतो. पण हे सांगायची ती जागा नव्हती.

तर दुपारी आबा झोपले की उदयसिंह गोठ्यात जायचा. शर्ट इस्त्रीचा, खाली लुंगी. पालथ्या घमेल्यावर बसायचा, घसा साफ करायचा आणि सुरू करायचा:

"नमस्कार. मी उदयसिंह गणपतराव इंगवले. मनुष्यबळ व्यवस्थापनाचा मला अठ्ठावीस वर्षांचा अनुभव आहे. सध्या मी नवीन संधीच्या शोधात आहे."

गौरा रवंथ करायची. पण मधेच ती मान फिरवायची, शेपूट आपटायची, आणि समोरच्याचं लक्ष उडालं की माणसाचं उत्तर फसतं, हे उदयसिंहाला अनुभवानं माहीत होतं. म्हणून त्यानं एक सोय केली. एक उत्तर पुरं झालं की मूठभर सरकी. गौरा शांत राहायची. आठवड्याभरात ती 'नमस्कार' म्हटल्याबरोबर रवंथ थांबवून, कान पुढं करून बघायला लागली.

"मी बोलतो तेव्हा ती ऐकते," त्यानं वर्षाराणीला सांगितलं.

"चांगलंय की," वर्षाराणी म्हणाली. "दोघींतली एक तरी."

खऱ्या मुलाखतीही झाल्या. कॅमेऱ्यातून झाल्या. समोर त्याच्या निम्म्या वयाची पोरं, मागं खोट्या पुस्तकांची भिंत. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं पाहता, असं त्यांनी विचारलं, आणि उदयसिंहानं तयार उत्तर दिलं. कळवतो म्हणाले. हे 'कळवतो' त्याचंच होतं. त्यानंच ते हजारभर लोकांना दिलं होतं, आणि त्यात काय असतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो उठून गोठ्यात जायचा, तेच उत्तर गौराला द्यायचा. गौराकडं सरकीची अपेक्षा सोडली तर दुसरं काही नव्हतं, पण तिनं कधी कळवतो म्हटलं नाही.

नवरात्रात आबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, जोर काढायचा नाही, किक मारायची नाही, ओरडायचं तर अजिबात नाही. आबा पलंगावर पडून छताकडं बघत म्हणाले,

"मग पाडव्याला गौरा कोण पळवणार?"

घरात बाईमाणूस, आणि लुंगीवर मीटिंग करणारा एक साहेब. आबांनी साहेबाकडं पाहिलं.

"मी पळवतो की," उदयसिंह म्हणाला. कित्येक दिवसांत त्याला कुणी काम दिलं नव्हतं. ते त्यानं जरा जास्तच हौसेनं घेतलं.

आणि हौसेनं घेतलं म्हणूनच पुढचा घोटाळा झाला. आबांची जुनी मोटरसायकल धूर सोडायची, खोकायची, मधेच अडखळून फटाका फोडायची. उदयसिंहाला वाटलं, आबांसाठी काहीतरी करावं. सुधारणा करायची खोड कारखान्यातलीच. त्यानं गाडी गुंडू मिस्त्रीकडं नेली. गुंडूनं मन लावून इंजिन उघडलं, घासलं, बसवलं, आणि गाडी शिलाई मशीनसारखी चालू लागली. उदयसिंहानं ती आबांच्या खिडकीखाली आणून चालू करून दाखवली. आबा उठून बसले.

"ही कुणाची गाडी?"

"आपलीच की."

"न्हाय," आबा म्हणाले. "आपली खोकती."

म्हैस गाडीला आवाजानं ओळखते. सायलेन्सर काढला तरी तो आवाज आता येणार नव्हता. खोकणाऱ्या माणसाचा खोकलाच काढून घेतल्यावर त्याची हाक कोण ओळखणार? उदयसिंह सकाळी सकाळी गौराला कळंब्याच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर घेऊन गेला. सायलेन्सर काढून गाडी पुढं घेतली, आबांसारखं "हुर्र, हुर्र" केलं. गौरा उभी. त्यानं पुन्हा केलं. गौरानं रस्त्याकडंचं गवत पाहिलं आणि तिकडं गेली.

घरी आल्यावर आबांनी विचारलं, "आली?"

"आली की," उदयसिंह म्हणाला. अहवाल चांगलाच द्यायचा, ही सवय सहजासहजी सुटत नाही.

आबा पडल्या पडल्या हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. "मला ठावं हुतं. रक्तातच असतंय ते." आणि त्यांनी वर्षाराणीला सांगून पाडव्याला चौकाच्या त्या टोकाला आपली खुर्ची टाकायची व्यवस्था केली. जिथं पळत आलेली म्हैस थांबते तिथं.

आता पेच साधा होता. गौरा पळाली नाही, तर शिवलेलं पोट घेऊन खुर्चीत बसलेल्या बापासमोर सगळी पेठ हसणार. इंगवल्यांची म्हैस पळाली नाही असं एकदाही झालं नव्हतं. उदयसिंहाची नोकरी गेली होती ती बंद खोलीत, दोन माणसांसमोर. अब्रू गेली असती ती चौकात.

पाडव्याला दुपार कलली तसा चौक भरला. गच्च्यांवर बायका, कठड्यांवर पोरं. गौराची शिंगं पिवळी रंगवली होती, कपाळावर मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, पायांत चाळ. अंगावरचे केस कापून पाठीवर नाव काढलं होतं, गणपतराव. आधी तीन-चार म्हशी पळून गेल्या होत्या. आकारामची म्हैसही गेली होती आणि आकाराम आता माईक धरून उभा होता. आकारामला माईक देणं म्हणजे पुराला पाणी पाजणं, पण देतात.

"आनि आता," माईक गरजला, "गणपतराव इंगवल्यांची गौरा! आबांचं पोट शिवल्यालं हाय, म्हणून गाडीवर त्यांचं चिरंजीव. मोठ्या कंपनीचं मॅनेजर, उदयसिंह सायेब! टाळ्या वाजवा की, पावणं!"

टाळ्या वाजल्या. हलगी कडाडली. उदयसिंहानं गाडी पुढं घेतली, वळून "हुर्र, हुर्र" केलं.

गौरा उभी.

त्यानं गाडी मागं घेतली, पुन्हा पुढं नेली. पुन्हा ओरडला. गौरानं एकदा गाडीकडं पाहिलं, परकं वाहन बघावं तसं.

"मीटिंग चाललीया तिची," माईक म्हणाला, आणि गच्च्या हसल्या. "सायेब, ईमेल करा, ईमेल."

चौकाच्या त्या टोकाला आबा खुर्चीतून अर्धे उठले होते. वर्षाराणीनं त्यांचा खांदा दाबून धरला होता. आबांचं तोंड उघडं होतं. डॉक्टरांचं ऐकणारा म्हातारा तो नव्हे. आता पोटाचे टाके तोडून ओरडणार, हे उदयसिंहाला लांबूनही दिसलं.

तो गाडीवरून उतरून गौराजवळ गेला. हात रिकामे, खिसे रिकामे. सरकी आणायची त्याला सुचलंच नव्हतं. गौरानं त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडं पाहिलं. मग तिनं कान पुढं केले आणि रवंथ थांबवलं.

उदयसिंह जागच्या जागी थिजला. ते कान त्याला ओळखीचे होते. रोज दुपारी, 'नमस्कार' म्हटलं की ती असंच बघायची. ती आबांच्या हाकेची वाट बघत नव्हती, गाडीचीही नाही. तो सुरू कधी करतो, एवढंच तिला हवं होतं.

आणि काय सुरू करायचं होतं, हेही त्याला ठाऊक होतं. पहिल्या उत्तराचं शेवटचं वाक्यही ठाऊक होतं, आणि ते ऐकलं की पेठेला सगळं कळणार होतं.

त्यानं हळू आवाजात म्हणून पाहिलं. हलगीत ते बुडून गेलं. गौराचे कान नुसते हलले. त्यानं हलगीवाल्याला हात केला, थांब म्हणून. हलगी थांबली. चौकात अशी शांतता झाली की कुठल्याशा गच्चीवर फोडणी पडलेली ऐकू आली. उदयसिंह गाडीवर बसला, मागं वळला, आणि मुलाखतीत कधी काढला नव्हता एवढा आवाज काढून बोलला:

"नमस्कार! मी उदयसिंह गणपतराव इंगवले! मनुष्यबळ व्यवस्थापनाचा मला अठ्ठावीस वर्षांचा अनुभव आहे! सध्या मी, नवीन संधीच्या, शोधात आहे!"

आधी चाळ वाजले. एकदा. मग पुन्हा. गौरानं मान खाली घातली, शिंगं पुढं आली, आणि ती निघाली.

गाडी सुटली. मागून खुरांचा आवाज रस्त्यातून वर, चाकांतून, सीटमधून त्याच्या पाठीच्या कण्यात शिरला. थांबलं तर ती थांबणार, म्हणून तो बोलत राहिला. माझं बलस्थान म्हणजे चिकाटी. माझा कमकुवतपणा म्हणजे मी कामात फार गुंतून जातो. मी दडपणाखाली शांत राहतो. दोन्ही बाजूंची माणसं आ वासून ऐकत होती, आणि हसत कुणीच नव्हतं. हसायला माणसाचं लक्ष मोकळं लागतं. इथं सगळ्यांचं लक्ष त्या धावणाऱ्या काळ्या डोंगरावर होतं. दोर नाही, काठी नाही, मूठभर सरकीसुद्धा नाही, आणि तो डोंगर एका माणसाच्या नावामागं पळत होता. ज्या वाक्यावर पुण्यातल्या पोरांनी मान वर केली नव्हती, त्या वाक्यावर गौराच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. तिचा गरम श्वास त्याच्या मानेवर आला आणि लहानपणी बापाच्या मागं उलटा बसलेला तो पोरगा पुन्हा गाडीवर आला, जसाच्या तसा, इतक्या वर्षांनी.

पाच वर्षांनी मी स्वतःला कुठं पाहतो, हे तो बोलला तेव्हा आबांची खुर्ची समोर आली होती. आता एकच प्रश्न राहिला होता. आधीची नोकरी का सोडली? याचं उत्तर त्यानं सगळ्यात घोटून तयार केलं होतं. वैयक्तिक प्रगती, नवी क्षितिजं, असं बरंच काही होतं त्यात. त्यानं तोंड उघडलं, आणि ते उत्तर आलंच नाही.

"मी सोडली नाही," तो ओरडला. "मला काढलं."

गाडी थांबली. गौरा थांबली, तिचं कपाळ त्याच्या पाठीला टेकलं, आणि ती ढकलायला लागली. तिला तिची सरकी हवी होती.

माईक गप्प होता, आणि आकारामच्या आयुष्यात हे बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. मग एकदम हलगी सुटली आणि माणसं धावली. कुणी गौराला हात लावत होतं, कुणी उदयसिंहाच्या पाठीवर मारत होतं. त्या गर्दीत एक-दोघं कानाशी येऊन हळूच बोलून गेले. एकजण म्हणाला, "माझीबी गेली, दादा. गणपतीतच." दुसरा नुसतंच म्हणाला, "मीबी घरातनंच काम करतोय," आणि डोळा मारून गेला. पेठेत घरातून काम करणारे बरेच निघाले.

आकाराम माईक बंद करून आला.

"दादा," तो म्हणाला, "ही हुती व्हय लुंगीवरची मीटिंग. मी उगंच हसत हुतो."

आबा खुर्चीतच होते. गौराच्या कपाळावर त्यांचा हात होता. त्यांनी उदयसिंहाला जवळ बोलावलं.

"नोकरी गेली व्हय?"

"व्हय, आबा."

"कवा?"

"श्रावणात."

आबांनी मोरपीस सरळ केलं. "हिला ठावं हुतं."

"व्हय."

"मला न्हाय."

आबांनी गौराच्या डोळ्यांत पाहिलं. त्या मोठ्या डोळ्यांत गच्च्या दिसत होत्या, चौक दिसत होता, आणि खुर्चीतला एक म्हातारा.

"तिला सांगितलंस ते बरंच केलंस," आबा म्हणाले. "तिनं गल्लीत सांगितलं न्हाय. मी सांगितलं असतं." मग उठताना पोट धरून म्हणाले, "उद्यापासनं पहाटंची धार तू काढ. पुढं काय ते पुढं बघू. पण आदीच सांगतो, हितं निरोपाला शाल न्हाय आनि घड्याळबी न्हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे उदयसिंह गोठ्यात गेला. शर्ट इस्त्रीचा नव्हता. चौकात द्यायची राहिलेली सगळी सरकी त्यानं एकदम घमेल्यात ओतली आणि गौरापुढं ठेवली. शिंगांवरचा पिवळा रंग अजून ओला वाटत होता.

गौरानं सरकीकडं पाहिलं नाही. कान पुढं करून ती उभी राहिली.

"अगं खा की," उदयसिंह म्हणाला.

ती उभीच.

बादली हातात घेऊन तो तिच्यासमोर उभा राहिला. आत आबा खोकत होते, मोटरसायकल खोकायची अगदी तसे. कारखाना, अनुभव, संधी, हे सगळं त्याच्या ओठांवर आलं आणि त्यानं ते गिळलं.

"नमस्कार," तो म्हणाला. "मी उदयसिंह."

तो पुढचं काय बोलतो यासाठी गौरा थोडा वेळ थांबली. पुढं काही नाही हे बघून तिनं घमेल्यात तोंड घातलं.